सांगावे, पण कसे?

काही माणसांच्या मनाची घडण जन्मतःच निराळी असते. बुद्धी चांगली, वाचन दांडगे. पण थट्टा, आडून बोललेले, चेहऱ्यावरचा भाव त्यांना चटकन उमगत नाही. व्हिएन्नाचे डॉ. हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले. १९८१ साली लॉर्ना विंग यांनी या अवस्थेला त्यांचे नाव दिले. २०१३ पासून अमेरिकन वर्गीकरणात ती स्वमग्नतेतच गणली जाते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे.

या घडणीची अंगावर खूण नसते. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसविलेल्या या जयसिंगपुरात वाटेत नमस्कार चुकला की माणूस शिष्ट ठरतो. लग्नाच्या गर्दीतून लवकर उठला की घुम्या. न सांगावे तर हा दोष पदरी येतो. सांगावे तर ठरलेले स्थळ मोडेल, नोकरी जाईल, ही धास्ती!

आम्हांस वाटते, नुसते नाव सांगून भागत नाही. 'गोंगाटात मला बोलणे नीट कळत नाही, काम लिहून द्या,' असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्यास काय करावे ते समजते. मात्र कोणाला, केव्हा सांगावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. आईबापांनीही त्याला विचारल्यावाचून चारचौघांत बोलू नये. आणि ज्याला हे सांगितले, त्याने ते आपल्यापाशीच ठेवावे.