दावणीला बांधलेलं मन

डिसेंबर 2021 मध्ये गोदावरीपलीकडचं एक गाव जगभरच्या बातम्यांत झळकलं. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लऊळ. आमच्या जालना जिल्ह्याची दक्षिणेची शीव गोदावरीच आहे, तेव्हा ही गोष्ट शेजारघरचीच. गावातली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती. वर अन्नपाणी नसल्यानं किंवा उंचावरून पडून पिल्लं मरत होती. कुत्र्यांनी वानराचं पोर मारलं आणि वानरं त्याचा सूड घेताहेत, असं बोललं जाऊ लागलं. अडीचशे कुत्री मारल्याचा फुगवलेला आकडा परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेला. शेवटी वनखात्याच्या पथकानं दोन वानरं पकडून नेली.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 'सूड' हा सहज उच्चारला गेलेला निष्कर्ष. सूड घ्यायचा तर झालेला घाव आठवावा लागतो, तो कुणी केला हे मनात धरावं लागतं आणि त्या एका कुत्र्याचा राग साऱ्या कुत्र्यांवर काढायचा असं ठरवावं लागतं. वानरांच्या कळपात दुसरीही एक गोष्ट नेहमी दिसते. तान्हं पोर आईजवळून दुसऱ्या माद्या मागून घेतात, छातीशी धरतात, घेऊन हिंडतात. वानराचं पोर जन्मल्या दिवसापासून पोटाला घट्ट चिकटून राहतं. कुत्र्याच्या पिल्लाला ती पकड नाही, आणि झाडावर दूधही नाही. मारायचंच असतं तर इतक्या उंचावर सांभाळून न्यायचं कारण काय? लऊळला घडलं ते सूडापेक्षा चुकलेल्या मायेच्या जवळचं असावं, असं मला वाटतं. पण हेही मान्य केलं तरी प्रश्न संपत नाही. माया म्हटली की ती करणारं कुणीतरी आत असावं लागतं.

ते 'कुणीतरी' जनावरात आहे की नाही, यावर विज्ञान दीडशे वर्षं भांडत आलं आहे. सतराव्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञानं जनावरांना यंत्रांच्या रांगेत बसवलं होतं. 1871 मध्ये डार्विननं लिहिलं की माणसाच्या आणि वरच्या प्राण्यांच्या मनात फरक असला तरी तो प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. मग 1894 मध्ये मानसशास्त्रज्ञ लॉईड मॉर्गननं लगाम घातला: साध्या कारणानं वागणं समजत असेल तर वरच्या बुद्धीचं कारण देऊ नका. हा लगाम किती गरजेचा होता ते बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्यानं दाखवलं. तो टापा आपटून बेरजा सांगायचा. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टनं उलगडा केला की घोडा गणित करत नव्हता. समोरच्या माणसाच्या मानेची नकळत होणारी हालचाल तो वाचत होता. त्यानंतर कित्येक वर्षं जनावराच्या मनाविषयी बोलणं शास्त्रज्ञांना कमीपणाचं वाटू लागलं. माझ्या मते हान्सचा अर्धाच धडा घेतला गेला. माणसालाही न कळणारी माणसाची हालचाल टिपणारा घोडा बथ्थड कसा?

आता आपल्या गोठ्यात या. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठेही जा, श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जुवानं घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ज्याला आवतण द्यायचं त्याला ते कळतं, हे त्यात गृहीतच आहे. पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू नाही. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा आणि पुढ्यात पुरणपोळी. हा जिल्हा संतांच्या वाटेवरचा आहे. भोकरदन तालुक्यात महानुभावांचा जाळीचा देव आहे, आणि त्याच पंथाच्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो. शेजारच्या पैठणला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची कथा सांगतात, आणि तहानेल्या गाढवाला पाणी पाजणारे एकनाथ तर तिथलेच. या कथा पुरावा म्हणून पुढे करायच्या नाहीत. पण जनावराला आत काहीतरी होतं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागलेलं नाही, एवढं त्यांवरून कळतं.

पुरावा वेगळीकडे आहे. 2004 मध्ये केंब्रिजच्या हेगन आणि ब्रूम या संशोधकांनी कालवडींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. फळी दाबली की फाटक उघडायचं आणि पुढे खाऊ मिळायचा. दुसऱ्या गटातल्या कालवडींनाही तेवढाच वेळ थांबल्यावर तोच खाऊ मिळे, पण फाटक त्यांच्या करण्यानं उघडत नसे. ज्या कालवडींना युक्ती उमगत होती, त्यांच्या हृदयाचे ठोके उमगण्याच्या वेळी वाढले आणि त्या खाऊकडे अधिक उसळून धावल्या. खाऊ दोन्ही गटांना सारखा होता, वेगळेपण होतं ते 'हे मी केलं' या अनुभवाचं. निदान तसा अर्थ लावायला जागा आहे, आणि संशोधकांनीही तो जपूनच लावला. मेंढरांचंही तसंच. 2001 मध्ये संशोधक केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात. माळावरच्या धनगराला हे ऐकून नवल वाटणार नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही तरी गुण लागतो, ही म्हण म्हणणाऱ्यांनाही जनावर जनावराकडून शिकतं हे ठाऊक होतंच.

स्वतःची ओळख हा मात्र अवघड भाग. 1970 मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅलपनं चिंपांझींना बेशुद्ध करून भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून त्यांनी स्वतःच्या अंगावरचा रंग चाचपला. पुढे डॉल्फिन, मॅगपाय पक्षी, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातली 'हॅपी' हत्तीण आणि 2019 मध्ये चक्क एक बोटभर मासा या कसोटीला उतरला. कुत्रा उतरत नाही. पण कुत्र्याचं जग नाकानं चालतं. 2017 मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी कुत्र्यांना त्यांच्याच मुताचा वास थोडा बदलून हुंगायला दिला, तेव्हा ती तिथे जास्त वेळ रेंगाळली. आपला वास आणि बदललेला आपला वास यांतला फरक त्यांना खटकत होता. बैलाला आरसा दाखवून काय मिळणार? वासानं आणि हाकेनं ओळखणाऱ्या जिवाची परीक्षा डोळ्यांच्या कसोटीनं घ्यायची आणि तो नापास झाला म्हणायचं, हे मला पटत नाही.

आपल्या मातीतला सगळ्यात सुंदर प्रयोग वेड्या राघूवर झाला. विजेच्या तारेवर बसून हवेतली माशी टिपणारा हा हिरवा पक्षी जालन्यात सगळीकडे दिसतो. नदीच्या, ओढ्याच्या मातीच्या दरडीत तो बीळ खोदून अंडी घालतो. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पक्ष्याला एक साधा प्रश्न विचारला: समोरच्या माणसाला काय दिसतंय, हे तुला कळतं का? माणूस घरट्याजवळ असला की राघू आत शिरत नाही, हे तर दिसतंच. मग त्यांनी माणसाला कधी घरटं दिसेल अशा जागी उभं केलं, कधी तेवढ्याच अंतरावर पण आडोशामुळे घरटं दिसणार नाही अशा जागी. माणूस राघूला दोन्ही वेळा दिसत होता. तरी घरटं माणसाच्या नजरेआड असलं की राघू अधिक सहज आत जायचा. म्हणजे तो माणूस किती जवळ आहे एवढंच पाहत नव्हता, माणसाला तिथून काय दिसतं याचाही हिशेब धरत होता. सगळे राघू सारखे वागले नाहीत, काही जास्त चतुर निघाले, आणि निव्वळ उपजत प्रेरणेच्या साच्यात ही गोष्ट नीट बसत नाही. हे काम 1999 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आणि 2002 मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन'मध्ये छापलं गेलं. महागडं यंत्र नाही. महाविद्यालयातली मुलं, दुर्बीण आणि धीर. जालन्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी दुधनेच्या, पूर्णेच्या दरडींवर हा प्रयोग पुन्हा करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

पितृपक्षात घास ठेवून ज्याची वाट पाहतो त्या कावळ्याचे भाऊबंदही प्रयोगशाळेत पोचले आहेत. 2020 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या निडर यांच्या गटानं दोन कावळ्यांना अंधूक प्रकाश दिसला की नाही हे खुणेनं सांगायला शिकवलं. मेंदूतल्या काही पेशींची हालचाल प्रकाश होता की नाही यापेक्षा कावळ्याला तो 'दिसला' की नाही याच्याशी जुळत होती.

अशा संशोधनाच्या आधारे 7 जुलै 2012 ला केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला: जाणिवेला लागणारी मेंदूतली व्यवस्था एकट्या माणसापाशी नाही, ती सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही आहे. 19 एप्रिल 2024 च्या न्यूयॉर्कच्या जाहीरनाम्यानं त्याला दुजोरा दिला आणि मासे, बेडूक, खेकडे, कीटक यांच्या बाबतीतही शक्यता खरीखुरी आहे म्हटलं. बैलाला 'मी' म्हणता येतं का, हे अजून उघडं आहे. बैलाला दुखतं का, भीती वाटते का, हे आता उघडं राहिलेलं नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याकडे डोळेझाक करायची सवय आपण सोडली पाहिजे.

जनावराला दुखतं, हे कायद्यानंही मान्य केलेलं आहे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा भूक, वेदना, भीती यांपासून मोकळीक धरून प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं निकालात उचलून धरली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना तात्पुरती मोकळीक मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. निकाल फिरला, पण बैलाला वेदना होते हे कुणी नाकारलं नाही. वाद उरला तो किती वेदना चालवून घ्यायची एवढाच.

1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच एक पळवाट आहे. खच्चीकरण, डाग देणं, शिंगं काढणं, वेसण घालणं या गोष्टी ठरवून दिलेल्या पद्धतीनं केल्या तर त्याला क्रूरता म्हणत नाहीत. आपल्याकडे गोऱ्हा बडवताना आणि वेसण ओवताना भूल देण्याची रीतच नाही. चार माणसं धरतात, तो हंबरतो आणि काम उरकतं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. 2012-13 च्या दुष्काळात, पाण्याला महाग झालेल्या या जिल्ह्यात माणसांनी स्वतः हाल काढून जनावरं जगवली, छावण्यांत त्यांच्याजवळ रात्री काढल्या. पण स्थानिक भुलीचं इंजेक्शन पशुवैद्यकाच्या पेटीत असतं आणि ते महागही नाही. येत्या पोळ्याआधी आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि गोऱ्ह्याला हात लावण्याआधी भूल द्या, असं डॉक्टरांना सांगा.