एक जूनचे वाढदिवस

‘पॅकेज किती?’

नोकरी बदलली म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न हाच. मी सांगते, ‘सदतीस हजार.’ समोरचा दोन सेकंद गप्प होतो, मग सावरून घेत विचारतो, ‘हातात येतात ते ना?’ नाही रे बाबा, एवढेच. वर घरभाडं भत्ता. २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोचा दर हाच आहे. त्याआधी एकतीस हजार होता, म्हणजे मी तशी श्रीमंतीच्या काळातच आलेय!

हिंजवडीत पाच वर्षं काढली. गणितात एमएस्सी, मग डेटा ॲनालिस्ट. कुठल्या शहरात कुठलं बिस्किट कधी खपेल याचे अंदाज बांधायचे. वाईट काही नव्हतं त्यात. कॅब होती, टीम डिनर होतं, दर अप्रेझलला थोडं टेन्शन आणि थोडी हाइक. मग एका मैत्रिणीने एका विद्यापीठाची जाहिरात पाठवली. ‘आरोग्यविषयक माहितीसाठी गणित आणि एआय’ असं काहीतरी भारदस्त नाव, नेट किंवा गेट हवी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: धाराशिव जिल्ह्यात प्रवास करावा लागेल.

धाराशिव म्हणजे माझा जिल्हा! तो उस्मानाबाद होता तेव्हा ऑफिसात लोकांना त्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असायची, उस्मानाबादी शेळी. आता नाव बदललंय, तर ‘हे कुठे आलं?’ असं विचारतात. उत्तर ऐकल्यावर पुन्हा शेळी.

पहिल्या दिवशी मी नवा लॅपटॉप, नवी पायथन लायब्ररी वगैरे घेऊन सज्ज. सरांनी दहा पानांचा एक पेपर पुढे सरकवला. ‘कोड नंतर. आधी हे वाच. तुझ्याच गावाकडचं आहे.’

चिठ्ठी गावांची निघाली

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, मला तर नव्हतं. जगभर ज्याचा दाखला दिला जातो असा कॅन्सर तपासणीचा एक मोठा प्रयोग आमच्या जिल्ह्यात झालाय. १९९९ मध्ये तो सुरू झाला. फ्रान्समधली आयएआरसी, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी मिळून तो केला. (बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण भूम-परंड्याच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे बार्शीच. १९८७ पासून तिथे ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते, देशातली अशी पहिली. बार्शीबरोबर भूम आणि परंडा तालुके त्यात सुरुवातीपासून आहेत.)

प्रश्न होता, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी करायचे तर कुठली तपासणी उपयोगी पडते? ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या भागात तपासणी नाही. तिथे फक्त माहिती द्यायची आणि नेहमीचे उपचार. तपासणी आयुष्यात एकदाच, आणि मग आठ वर्षं पाठपुरावा.

लक्षात घ्या, चिठ्ठी गावांची निघाली, बायकांची नाही. इथूनच गणित सुरू होतं. एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. त्यांचा दवाखाना एक, रस्ता एक, एकीला लाज वाटली की दुसरीला वाटणार. त्यामुळे सव्वा लाखावर बायका म्हणजे सव्वा लाखावर स्वतंत्र उत्तरं असं धरता येत नाही. ५२ समूह म्हणजे एकात साधारण अडीच हजार जणी. समजा त्यांच्यातलं साम्य अगदी किरकोळ आहे, हजारात एक भाग. तरी सूत्रात घातलं की माहितीचं वजन साडेतीन पटींनी घटतं. १,३१,७४६ बायका गणिताच्या नजरेत सदतीस हजारांच्या आसपास उरतात! बिस्किटांच्या धंद्यात मी असलं काही कधी पाहिलंच नव्हतं. तिथे ओळी जास्त म्हणजे सगळे खूश.

निकाल छापून आला २ एप्रिल २००९ रोजी, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका, त्यात कॅन्सर सापडला १२७ जणींना. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ बायका, कॅन्सर ११८. भागाकार करून बघा, प्रमाण जवळजवळ सारखंच. मी सरांना म्हटलं, ‘मग फरक काय पडला? फेल गेला की प्रयोग.’

‘पुढचा रकाना वाच.’

पुढचा रकाना होता, कॅन्सर कुठल्या टप्प्यावर सापडला. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यावर सापडलेल्या एचपीव्ही गटात ३९, तपासणी नसलेल्या गटात ८२. आणि मृत्यू? ३४ विरुद्ध ६४. लाखाच्या हिशेबात तपासणी नसलेल्या गटात दोनशेच्या वर, एचपीव्ही गटात शंभराच्या आत.

एआय म्हणजे काय, तर तुम्ही मशीनला सांगता ‘हे शोध’, आणि ते इमानेइतबारे तेच शोधतं. मी जर ‘कॅन्सर सापडला की नाही’ हा रकाना उत्तर म्हणून दिला असता, तर माझ्या झकास मॉडेलने छातीठोकपणे सांगितलं असतं की ही चाचणी बिनकामाची आहे. कुठला रकाना उत्तर मानायचा हे मशीन ठरवत नाही. सदतीस हजारवाली ठरवते.

पॅप स्मिअर आणि व्हिनेगरवाल्या गटांत ठामपणे म्हणता येईल अशी घट दिसली नाही. पण तमिळनाडूतल्या डिंडिगुलचा २००७ मध्ये आणि मुंबईच्या वस्त्यांमधला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघितला, तर तिथे व्हिनेगरच्या तपासणीनेही मृत्यू कमी झाले. तपासणी तीच, निकाल वेगळा. डोळ्यांनी बघायचं म्हटलं की बघणारे डोळे कुणाचे हा प्रश्न येतोच.

मग डोळ्यांच्या जागी कॅमेरा ठेवला तर? अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते केलं. कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते भागातले जुने फोटो वापरून २०१९ मध्ये त्यांनी असा प्रोग्रॅम जाहीर केला की तज्ज्ञांपेक्षा तो सरस ठरला. बातम्याही झाल्या. पण ते फोटो खास फिल्म कॅमेऱ्याचे होते. मोबाइलच्या फोटोंवर तोच प्रोग्रॅम अडखळला आणि पुन्हा शिकवणी लावावी लागली. कोस्टारिकात पहिला नंबर आलेला विद्यार्थी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ट्यूबलाइटखाली पास होईलच असं नाही.

नाव तेच, गाव तेच

आमच्या प्रोजेक्टमध्ये त्या जुन्या प्रयोगाचा डेटा नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे आहेत आजच्या तपासण्यांच्या नोंदी, काही गावांच्या. पॉझिटिव्ह आलेल्या बायकांपैकी कोण पुढच्या तपासणीला येणार नाही याचा अंदाज आधीच बांधायचा, म्हणजे आशाताईंना त्यांच्याकडे आधी जाता येईल. ऐकायला एकदम कूल! प्रत्यक्षात पहिले सात महिने मी मॉडेल बनवलंच नाही. वह्या वाचल्या.

वह्यांत निम्म्या बायकांचा वाढदिवस एक जून. महाराष्ट्रात हे कुणाला नवं नाही, शाळेत घालताना गुरुजींनी घातलेली तारीख. वयंही तशीच. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस... एकेचाळीस कुणी नाहीच. याला मोजायचं मापसुद्धा आहे, व्हिपल निर्देशांक. सगळ्यांनी खरी वयं सांगितली तर शंभर, सगळ्यांनी शून्य आणि पाचवरच बोट ठेवलं तर पाचशे. आमच्या पहिल्या वहीचा निर्देशांक काढला आणि चहा प्यायला गेले.

त्यात नावं. माहेरचं एक, सासरचं एक, इंग्रजी स्पेलिंग चार. लोहारा-उमरग्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावं नव्या जागी वसली, पण नोंदीत कुठे जुनं गावठाण, कुठे नवं. जिल्हा २०२३ पर्यंत उस्मानाबाद, पुढे धाराशिव, आणि कॉम्प्युटरला ते दोन जिल्हे वाटतात. शेऱ्याच्या रकान्यात ‘पिशवी काढली’. म्हणजे गर्भाशय काढलंय, ती या हिशेबात येतच नाही. शेजारच्या बीडमध्ये २०१९ ला ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या ‘पिशव्यां’चा विषय राज्यभर गाजला, तेव्हा मी बिस्किटांत होते. आता त्या दोन शब्दांसाठी वेगळा कोड लिहिलाय. आणि ‘पत्ता बंद’ असा शेरा दिसला की मी आधी महिना बघते. दिवाळीनंतरचा असेल तर घर उसाच्या फडावर गेलंय, बाई बेपत्ता नाही.

हे शिकायला एक चूक करावी लागली. एकाच बाईच्या दोन नोंदी एकत्र करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. नाव, गाव, जन्मतारीख जुळली की एक समजायचं आणि ताजी नोंद ठेवायची. मस्त चालला. डुप्लिकेट भराभर उडाले, मी खूश. महिनाभराने बोलावण्याची यादी बघून एका आशाताईंचा फोन केंद्रातून आमच्यापर्यंत आला. ‘मॅडम, आमच्या गावात ह्या नावाच्या दोघी हायेत. एक वेशीजवळची, एक तांड्यावरची. वेशीजवळची कुठं गेली?’

नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख एक जून आणि सालही तेच. मी दोघींची एक केली होती. तांड्यावरची निगेटिव्ह, तिची नोंद नंतरची म्हणून ती राहिली. वेशीजवळची पॉझिटिव्ह, ती यादीतून गायब. कंपनीत अशी चूक म्हणजे कुणाला तरी बिस्किटाचं कूपन दोनदा गेलं असतं.

तिला बोलावलं. ती आली. पुढे काय निघालं ते मला माहीत नाही आणि कळणारही नाही, कारण माझ्याकडे नावं काढून फक्त क्रमांक येतात, आणि ते तसंच हवं. त्या आठवड्यात मी जन्मतारखेचं वजन प्रोग्रॅममध्ये कमी केलं, एक जूनचं शून्य केलं. आणि एक नियम घातला: शंका आली तर दोन नोंदी दोनच राहतील, निर्णय आशाताई देतील.

चौथा भाग

त्या महिन्यात गावी गेले. स्वारगेटहून एसटी, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, आणि पुढे आमचं. आईला चहा पिताना सहज विचारलं, ‘मी लहान असताना गावात बायकांच्या तपासणीला कुणी आलं होतं का गं?’

‘आल्त्या की दोघी-तिघी. चांगल्या बोलायच्या. पिशवीच्या तोंडाचा रोग असतोय म्हणाल्या, अंगावर जायला लागलं तर दवाखान्यात जा म्हणाल्या. कागद दिला.’

‘आणि तपासलं?’

‘तपासलं काय की नाय. तुझ्या मावशीच्या गावात गाडी आल्ती, तिला घेऊन गेले. आमच्याकडं नुस्तं सांगून गेले.’

म्हणजे आमचं गाव बहुतेक चौथ्या भागात. बहुतेक, कारण आठवण पंचवीस वर्षांची आहे आणि गावांची यादी मी पाहिलेली नाही.

या चौथ्या भागावरून पुढे वाद झाले. पॅप स्मिअरचा उपयोग जगाला कितीतरी आधीपासून ठाऊक असताना हजारो बायकांना विनातपासणी का ठेवलं, असं टीकाकारांनी विचारलं. संशोधकांचं म्हणणं, भारतात तेव्हा अशी तपासणी सरसकट कुणालाच मिळत नव्हती, जे चालू होतं तेच चौथ्या भागात होतं. पहिल्यांदा पेपर वाचला तेव्हा मला दुसरी बाजू पटली होती. ३१,४८८ ही संख्या नसेल तर ३४ आणि ६४ ची तुलनाच होत नाही, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली त्यामागे जे पुरावे होते त्यांत हा एक भक्कम पुरावा. गणित बरोबरच आहे. पण आईसमोर बसून ते मला नीट म्हणता येईना. ६४ मधली एखादी आमच्याच गल्लीतली असेल का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

‘आई, तुझं वय किती होतं तेव्हा?’

‘तीस असंल. नायतर एकोणतीस.’

तीस असेल तर ती त्या १,३१,७४६ मध्ये असू शकते. एकोणतीस असेल तर नाही. आधार कार्ड काढून पाहिलं. एक जून. साल गुरुजींनी घातलेलं.

‘मी पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले,’ आई म्हणाली. ‘कुठल्या सालच्या पोळ्याला, ते आजीला ठाऊक होतं.’

तपासणी तिने आजवर एकदाही केलेली नाही. मी आरोग्य केंद्रात फोन करून गुरुवार ठरवला. आई म्हणाली, येते, पण शेजारच्या दोघींना बरोबर घेऊन, एकटीला लाज वाटते. मी आशाताईंना तीन नावं दिली, आणि त्यांनी वही उघडून जन्मतारखा विचारल्या.