टीव्हीचा रुसवा आणि घरातील अदृश्य तार

15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. पुढे ती घरोघर पोहोचली, तेव्हा चित्र बिघडले की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवावयाचा आणि दुसऱ्याने खालून "आले, आले!" असे ओरडावयाचे, असा परिपाठच होता. आजच्या स्मार्ट टीव्हीसाठी गच्ची चढावी लागत नाही. परंतु तो रुसला म्हणजे नेमके कोठे पाहावे, हेच कळेनासे होते.

गेल्या वर्षी इंदूरला माझ्या मावशींकडे असेच झाले. त्या एकट्या राहतात. संध्याकाळचे कीर्तन हाच त्यांचा विरंगुळा. टीव्ही वायफायला जोडला जाईना. एका दुरुस्तीवाल्याने आतील बोर्ड गेल्याचे सांगून आठ हजारांचा अंदाज दिला. प्रत्यक्षात आदल्याच दिवशी राउटर बदलला होता, आणि टीव्ही बिचारा जुना पासवर्ड घेऊन नव्या दारावर थाप मारीत होता!

चित्र आपल्याकडे दोन टप्प्यांनी येते. बाहेरून तारेने राउटरपर्यंत, आणि राउटरपासून रेडिओलहरींनी टीव्हीपर्यंत. दोष कोणत्या टप्प्यात आहे, हा पहिला प्रश्न. मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायवर चालतो का, ते पाहावे. तोही चालत नसेल, तर टीव्हीला बोल लावू नये. फायबरच्या यंत्रावर लाल दिवा दिसत असेल, तर बहुधा बाहेरची तारच तुटलेली असते.

मोबाइल चालत असेल, तर टीव्हीकडे वळावे. रिमोटने बंद केलेला संच खरोखर बंद होत नाही. तो पेंगत असतो. म्हणून टीव्ही व राउटर यांचे प्लग मिनिटभर काढून ठेवावेत. मग आधी राउटर चालू करावा, दिवे स्थिर होऊ द्यावेत, नंतर टीव्ही. राउटर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक, म्हणजे पत्ता, देतो. त्यातील घोळ अशा नव्या आरंभाने पुष्कळदा मिटतो. एवढ्याने भागले नाही, तर टीव्हीतील जुनी जोडणी पुसून पासवर्ड पुन्हा घालावा. इंग्रजी मोठे व लहान अक्षर येथे भिन्न मानले जाते.

वायफायचे नावच दिसत नसेल, तर लहरींचा विचार करावा. राउटर सामान्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. दुसरी वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकणारी. शिवाय काही संचांना ती ऐकूच येत नाही. अशा वेळी पहिली निवडावी, आणि लोखंडी कपाटाआड दडलेला राउटर मोकळ्या जागी आणावा.

जोडणी झाली, तरी काहीच उघडत नाही, असेही घडते. तेव्हा टीव्हीतील तारीख व वेळ तपासावी. दूरच्या संगणकाच्या ओळखपत्राला मुदत असते. घड्याळ चुकले, की खरे ओळखपत्रही खोटे ठरते.

अखेरची कसोटी मोबाइलच्या हॉटस्पॉटची. टीव्ही त्याला जोडला गेला, तर त्याचे कान शाबूत आहेत. दोष राउटरच्या मांडणीत शोधावा. तेथेही जोडला गेला नाही, तरच कारागिरास बोलवावे.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. मदतीचा क्रमांक बिलावरून किंवा हमीपत्रावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधलेल्या क्रमांकामागे कधी कधी भामटा बसलेला असतो. जो ओटीपी मागतो, किंवा आपल्या फोनचा पडदा दाखवणारे अ‍ॅप घालावयास सांगतो, तो टीव्ही दुरुस्त करणारा नव्हे.

मावशींनी हे सारे एका कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवले आहे. आता शेजारणीही तो वाचावयास येतात.