भुईआवळी : गठ्ठ्यात नेमकी कोणती?

गेल्या श्रावणात चिकित्सालयामागे, बांधकामाचा राडारोडा पसरलेल्या मातीवर, वीतभर उंचीची भुईआवळी दाट उगवली होती. त्याच सुमारास व्यापाऱ्याकडून सुक्या पंचांगाचा गठ्ठा आला. दोन्ही भिंगाखाली पाहिली, तेव्हा गठ्ठ्यात दोन जाती मिसळलेल्या आढळल्या.

अनेक ग्रंथांत व लेबलांवर आजही ‘फायलँथस निरुरी’ असे छापलेले असते. ती वस्तुतः अमेरिकेतील जाती होय. भारतात या एका नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस व डेबिलिस अशा तीन जाती गणल्या गेल्या, हे मित्रा व जैन यांनी १९८५ मध्ये दाखविले. आयुर्वेदिक फार्माकोपियाने तामलकी म्हणून स्वीकारलेली फ्रॅटर्नस ही आपल्या पश्चिम भारताची मूळची, एका पावसाळ्यापुरती जगणारी वनस्पती. अमारस मूळची अमेरिकेची. परंतु शहरी पडीक जमिनीत तीही तितकीच माजते.

पानांवरून या दोघींत भेद करू जाल तर फसाल. डहाळी उलटी करून फुले पाहावीत. अमारसच्या बहुतेक पर्णकक्षांत एक नर व एक मादी अशी जोडी असते आणि फुलाला पाच दले असतात. फ्रॅटर्नसमध्ये डहाळीच्या बुडाकडे नरफुलांचे झुबके, तर टोकाकडे एकेकटी मादीफुले, दले सहा. मादीफुलाची दले फळाखाली टिकून राहतात, म्हणून सुका माल कोमट पाण्यात भिजवून फळाखालची दले मोजता येतात. फळ खरबरीत व जवळजवळ बिनदेठाचे असेल, तर ती तिसरीच, युरिनारिया.

हा केवळ नावांचा काथ्याकूट नव्हे. चरकाने तामलकी कासहर व श्वासहर गणांत घेतली. च्यवनप्राशातही ती पडते. उलट, कावीळ-ब च्या वाहकांवरील १९८८ चा बहुचर्चित मद्रासचा प्रयोग अमारसवर झाला होता, आणि पुढील अभ्यासांत तो परिणाम तसा आढळला नाही. फायलँथिनचे भरपूर प्रमाणही अमारसचे. फ्रॅटर्नसमध्ये ते नगण्य. फ्रॅटर्नसच्या चूर्णावर अमारसचे दाखले छापणाऱ्या फार्मसीने याचा विचार करावा.

चिकित्सालयामागची भुईआवळी फ्रॅटर्नस निघाली, तरी औषधासाठी घेतली नाही. राडारोड्यात व रस्त्याकडेला शिसे असण्याचा संभव असतो. नमुन्यादाखल दोन झाडे तेवढी दाबून ठेवली. गठ्ठा मात्र परत केला. पुढच्या खेपेस व्यापाऱ्याने फुलाफळांसह एक ओले झाड सोबत पाठविले. मादीफुलाची दले सहा भरली.