लॅपटॉपच्या पोटातला उन्हाळा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोनिवलीत, म्हणजे बदलापूर पश्चिमेला, एप्रिल लागला की माणसे दुपारी बाराच्या आत कामे उरकून घरात शिरतात. समुद्र लांब राहिला. त्याचा वारा इथवर पोचेपर्यंत दमलेला असतो. अशाच एका एप्रिलमधल्या दुपारी माझ्या मुलीचा लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घोंघावू लागला आणि पाचच मिनिटांत पडदा काळा करून गप्प बसला.

मुलगी ॲनिमेशन शिकते. त्या कामाला साधा लॅपटॉप पुरत नाही, म्हणून कर्ज काढून गेमिंग लॅपटॉप घेतला होता. 'खेळायला एवढा महाग कशाला?' असे नातेवाईक विचारत. पण चित्रे हलवण्याचे काम आणि खेळ यांना लागणारा जोर एकच. लॅपटॉप बंद पडला तेव्हा कर्जाचे 10 हप्ते बाकी होते, वॉरंटी संपून दोन महिने झाले होते आणि प्रकल्प द्यायला 9 दिवस उरले होते.

एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने तो सुरू केला, बंद पडलेला पाहिला आणि म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेला. अडतीस हजार होतील." मी विचारले, "उघडून पाहिलंस का बाबा?" तो म्हणाला, "बघायची गरज नाही, रोज येतात असे."

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत 32 वर्षे फिटर म्हणून काम केले. कॉम्प्युटरचे शिक्षण नाही. पण एक गोष्ट कारखान्यात शिकलो होतो. गरम होऊन थांबणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा चालणारे यंत्र मेलेले नसते. आतली सुरक्षा त्याला वाचवत असते. हा लॅपटॉप अर्धा तास पंख्याखाली ठेवला की पुन्हा पाच मिनिटे चालत होता. मदरबोर्ड गेला असता, तर ही पाच मिनिटे कुठून आली असती?

तरीही उघडायचे धाडस होत नव्हते. त्याला कारण आहे. 2019 च्या जुलैअखेर उल्हास नदीला पूर आला, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून सोडवावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. त्याच पुरात नदीकाठच्या सखल भागातले माझ्या भाच्याचे घर भिजले. पाणी ओसरल्यावर त्याचा लॅपटॉप मी कपड्याने पुसला आणि 'चालतो का बघू या' म्हणून बटण दाबले. आत गाळाचे पाणी होते. एक बारीक आवाज झाला आणि सगळे संपले. बटण न दाबता आधी बॅटरी सोडवली असती, तर कदाचित तो वाचला असता. भाचा काही बोलला नाही, पण मला ते लागून राहिले. म्हणून या वेळी ठरवले, की आधी समजून घ्यायचे आणि मग पेचकस हातात घ्यायचा.

समजून घ्यायचे ते काय? आपण डाख द्यायला वापरतो ती साधी सोल्डरिंग लोखंडी 25 वॅटची असते. तेवढ्यावर कथील वितळते. गेमिंग लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर नखापेक्षा थोडा मोठा असतो आणि कामाच्या भरात 45 वॅट किंवा त्याहून जास्त वीज खातो. शेजारी चित्रे काढणारी दुसरी चिप असते, ती 80 ते 150 वॅटपर्यंत जाते. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे 60 चे दोन-तीन जुने बल्ब पेटवून ते दोन बोटे जाडीच्या पेटीत कोंडल्यासारखे झाले. ही उष्णता बाहेर गेली नाही तर चिप आधी आपला वेग कमी करते. तरीही तापमान 100 अंशांच्या आसपास पोचले, की यंत्र स्वतःला बंद करून घेते.

उष्णता बाहेर नेण्याची सोय मात्र फार सुंदर आहे. चिपवर तांब्याची पट्टी असते आणि तिच्यावरून चपट्या तांब्याच्या नळ्या कडेच्या जाळीपर्यंत जातात. नळी भरीव वाटते, पण आतून पोकळ असते. तिच्यातली हवा काढून थेंबभर पाणी भरलेले असते आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. हवा नसल्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीतून तेल चढावे तसे ते त्या सच्छिद्र थरातून परत येते. मोटार नाही, पंप नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली अशी नळी करून दाखवली, ती अंतराळयानांसारख्या कामांसाठी. आज ती आपल्या मांडीवर आहे. नळीच्या थंड टोकाला बारीक पत्र्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा फेकतो.

या साखळीत दोन जागा कच्च्या असतात. पहिली म्हणजे जाळी. दुसरी म्हणजे चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामधला सांधा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे दिसले तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात आणि खळग्यांत हवा. तांबे हवेपेक्षा सुमारे 15 हजार पट चांगले उष्णता वाहते. म्हणून मध्ये एक लेप लावतात, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. हा लेप तांब्याच्या मानाने अगदीच मंद, पण हवेपेक्षा शंभराहून अधिक पट चांगला. त्याचे काम खळगे भरण्यापुरतेच. विड्याच्या पानाला चुना लावतो तेवढाच तो लावायचा. जास्त लावला तर तोच आडवा येतो. काही वर्षांत हा लेप सुकतो, भेगाळतो.

आता उघडण्याची गोष्ट. आधी वॉरंटीची अट वाचावी. मुदत चालू असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच उघडून घ्यावे. नंतर बॅटरी बरीचशी उतरू द्यावी, लॅपटॉप पूर्ण बंद करावा, नुसता झोपवू नये, आणि अडॅप्टर काढावा. नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. खालचे स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. स्क्रूंची लांबी सारखी नसते, आणि आखूड जागी लांब स्क्रू घातला तर तो वरचा भाग फोडून बाहेर येतो. झाकण कडेच्या खाचांत अडकलेले असते. ते प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवावे, सुरीने नव्हे.

झाकण निघाल्यावर पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचे. तारा ओढायच्या नाहीत, जोडणीची टोपी धरून सरकवायची. मग सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली, तर तिथेच थांबावे. तिला दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. ती पेट घेऊ शकते.

आमच्या लॅपटॉपचे पंखे वरून स्वच्छ दिसत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, धूळ तर नाहीच." मीही क्षणभर खचलो. पण पंखा उचलल्यावर त्याच्या आणि जाळीच्या मधल्या फटीत राखाडी रंगाची, नमद्यासारखी घट्ट पट्टी निघाली. आमच्याकडे बांधकामे अखंड चालू असतात, तिची धूळ आणि गादीचा कापूस एकत्र होऊन ती बनली होती. हवेला बाहेर पडायला जागाच उरली नव्हती.

तांब्याची पट्टी काढताना तिच्या स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे असतात. एकच स्क्रू पूर्ण सोडायचा नाही. सगळे समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे सैल करायचे, बसवतानाही तसेच. नाहीतर दाब एका बाजूला येऊन चिपचा कोपरा उडू शकतो. इथे माझा 32 वर्षांचा अनुभव आडवा आला. एक स्क्रू घट्ट होता, मी कारखान्यातल्या सवयीने जोर लावला आणि त्याची खाच गेली. शेवटी रबराचा तुकडा मध्ये धरून तो निघाला, पण त्यात दीड तास गेला. लॅपटॉपचे स्क्रू घड्याळाच्या घरातले. त्यांना लेथवरचा हात चालत नाही.

जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड यांनी पुसला. आजूबाजूच्या मेमरी चिपांवर मऊ पट्ट्या असतात. त्यांची जाडी ठरलेली असते, म्हणून त्या धड असतील तर हलवू नयेत. काही लॅपटॉपमध्ये लेपाऐवजी पाऱ्यासारखा चकाकणारा द्रव धातू असतो. तो वीज वाहतो आणि ॲल्युमिनियम खातो. तसा दिसला तर घरच्या माणसाने पुढे जाऊ नये. पंखे पुसताना पाती बोटाने धरून ठेवावीत. जोराच्या हवेने ती गरगर फिरू देऊ नयेत.

दोनपैकी एका पंख्याचे बेअरिंग गेले होते. त्याच्यावरचा क्रमांक लिहून घेतला, लोकलने दादर आणि तिथून ग्रँट रोड गाठले. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, तिसऱ्या दुकानात तसाच पंखा मिळाला. पंखा, लेप आणि अल्कोहोल मिळून खर्च दीड हजाराच्या आत.

बॅटरी जोडून बटण दाबताना भाच्याचा लॅपटॉप डोळ्यांपुढे आला. मी बटण दाबले नाही. मुलीला दाबायला सांगितले. तो सुरू झाला. पूर्वी पाच मिनिटांत 100 अंशांवर जाणारी चिप तासभर काम करून 86 वर थांबली. प्रकल्प वेळेत गेला.

आता भर घालण्याविषयी. 'बदलापूर' हे नाव जुन्या काळी इथे घोडे बदलत म्हणून पडले, असे आमच्याकडे सांगतात. लॅपटॉपमध्ये मात्र सगळे घोडे बदलता येत नाहीत. प्रोसेसर आणि चित्रांची चिप बहुधा डाख देऊन कायमची बसवलेली असते. बदलता येतात ते मुख्यतः मेमरी आणि एसएसडी. मेमरीची एकच 16 जीबीची पट्टी घालण्यापेक्षा 8 च्या दोन सारख्या पट्ट्या घातल्या तर दोन रस्ते एकदम खुले होतात आणि काम पळते. पण डीडीआर-4 च्या जागी डीडीआर-5 बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरीही कायमची जोडलेली असते, म्हणून विकत घेण्याआधी झाकण उघडून पाहावे. 2025 च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढवल्यामुळे मेमरीचे भाव जगभर चढले. तेव्हा चुकीची पट्टी आता जास्तच महागात पडते.

न उघडता करण्यासारखेही पुष्कळ आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, खालची भोके बुजतात. मागच्या पायांखाली बाटलीची दोन झाकणे ठेवली तरी हवेला वाट मिळते. खोली जितकी तापेल साधारण तितकीच चिपही वर चढते, म्हणून जड काम पहाटे किंवा रात्री करावे. आणि लॅपटॉप भिजला, तर माझ्यासारखे बटण दाबू नका. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचाही उपयोग नाही. गाळ आणि क्षार आतच राहतात. वीज तोडा आणि उघडून स्वच्छ करणाऱ्याकडे लगेच न्या.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी, हा त्यामागचा विचार. पण हक्क कागदावर असून भागत नाही. प्रत्येकाने पेचकस घ्यावा असे मी म्हणत नाही. लॅमिंग्टन रोडला आणि आमच्या उल्हासनगरच्या बाजारातही गिऱ्हाइकासमोर यंत्र उघडून दोष दाखवणारी हुशार मुले आहेत. त्यांना त्यांच्या कामाचे पैसे आनंदाने द्यावेत. आपण एवढेच करावे, की 'मदरबोर्ड गेला' असे कोणी म्हटले, तर 'माझ्यासमोर उघडून दाखवा' असे शांतपणे सांगावे. त्याने उघडले तर तिथेच बसून पाहावे. नाही उघडले, तर लॅपटॉप उचलून पुढच्या दुकानात जावे.