जुन्या मीटरची जबानी

प्रयोगशाळांतून आणि कारखान्यांतून बाद ठरलेली, लिलावात निघालेली आणि दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत अखेरीस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येऊन विसावलेली मोजमापाची उपकरणे विकत घेण्याचा छंद ज्यांना जडला आहे, त्यांना सौद्याचे खरे स्वरूप माल घरी पोचल्यावरच कळते. नव्याच्या मानाने अल्प किमतीत पाच-सहा अंकी आकडा दाखविणारा बेंच मल्टिमीटर पदरात पडतो आणि तो चालूही होतो. परंतु कशालाही जोडलेला नसताना त्याचा आकडा शून्यावर न थांबता आपोआप चढू लागतो, हात जवळ नेला की उसळी घेतो, आणि घेणाऱ्याची खात्री होते की आपण फसलो.

अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर उचलून झाकण काढण्याची जी ऊर्मी होते ती आवरावी, कारण ह्या तक्रारीत बहुधा आरोपी निर्दोष असतो. व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरने समोरच्या सर्किटातून शक्य तितका कमी प्रवाह घ्यावा, अशी अपेक्षा असते. हाती धरावयाच्या साध्या डिजिटल मीटरची आतला रोध सामान्यतः १ कोटी ओहम, म्हणजे १० मेगओहम असतो. उलट चांगल्या बेंच मीटरांत खालच्या रेंजवर तो हजार कोटी ओहमांच्याही वर जातो. इतक्या अडविलेल्या दारात आतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह आणि घरातल्या वायरिंगचा गुणगुणाट ह्यांना वाट न मिळाल्यामुळे विद्युत्‌भार साठत जातो, आणि मीटर तोच इमानेइतबारे मोजून दाखवितो. दोन्ही टर्मिनलांमध्ये १० मेगओहमचा एक रेझिस्टर लावला की हा सारा थयथयाट शांत होतो.

खरी तपासणी टर्मिनले तांब्याच्या जाड, स्वच्छ तारेने एकमेकांस जोडून सुरू करावी. तत्पूर्वी मीटर अर्धा-पाऊण तास चालू ठेवून तापू द्यावा. थंड मीटरची जबानी ग्राह्य धरण्यात अर्थ नाही. तरीही शून्याऐवजी काही मायक्रोव्होल्ट दिसले, तर तो बहुधा उष्णतेचा प्रताप असतो, कारण दोन भिन्न धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक पडला की व्होल्टेज निर्माण होते. स्वच्छ तांब्याशी तांबे जोडले असता ते अंशामागे मायक्रोव्होल्टच्या काही दशांशाहून अधिक भरत नाही. पण तार काळवंडलेली असेल, तर तांबे आणि त्याचाच ऑक्साइड ह्यांच्या सांध्यात ते अंशामागे सुमारे हजार मायक्रोव्होल्टपर्यंत जाते. ज्या दोषासाठी आपण मीटर उघडणार होतो, तो असा पॉलिश पेपरच्या तुकड्याने निकालात निघतो.

ह्यानंतरची परीक्षा मला विशेष प्रिय आहे, कारण तिला एक साधा सेल आणि १ मेगओहमचा एक रेझिस्टर एवढीच सामग्री लागते. सेल थेट जोडून आकडा टिपून घ्यावा, तो १.५०० व्होल्ट आला असे समजू. मग त्याच सेलच्या मार्गात रेझिस्टर घालून पुन्हा मोजावे. मीटरचा रोध १० मेगओहम असेल, तर अकरा भागांपैकी एक भाग रेझिस्टरवर खर्ची पडून आकडा १.३६४ च्या आसपास यावयास हवा. हजार कोटी ओहमांच्या रेंजवर तो जवळजवळ हललेला दिसू नये. आता १० मेगओहमच्या मीटरवर समजा १.२०० च आला, तर हिशेब सांगतो की मीटरचा प्रत्यक्ष रोध ४ मेगओहमवर उतरला आहे आणि आत कोठेतरी सुमारे ६७ लाख ओहमांची चोरवाट पडली आहे. ही वाट बहुधा बोर्डावरची धूळ, सोल्डरचा जुना फ्लक्स आणि बोटांचे ठसे ह्यांनी हवेतली ओल धरून ठेवल्याने तयार होते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हमखास. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळविल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

आकडा स्थिर न राहता शेवटच्या दोन-तीन अंकांत नाचत असेल, तर मीटर कोणत्या देशातून आला हे पाहणे अगत्याचे. बेंच मीटर व्होल्टेजचे क्षणिक मूल्य न घेता ठरावीक अवधीत आलेल्या व्होल्टेजची बेरीज करतो, आणि तो अवधी विजेच्या एका पूर्ण आवर्तनाइतका ठेवलेला असतो, जेणेकरून गुणगुणाटाचा धन अर्धा आणि ऋण अर्धा एकमेकांस खोडून टाकतील. आपल्याकडे ५० हर्ट्झमुळे तो २० मिलिसेकंद असावयास हवा; अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे तो १६.६७ असतो. तिकडच्या हिशेबावर ठेवलेला मीटर इकडे आणला की खोडता न आलेली बाकी पडद्यावर नाचू लागते. काही मीटर चालू होतानाच वारंवारता ओळखतात, काही जुन्यांत ती ठरविणारा स्विच मागे किंवा आत असतो. ११५ आणि २३० व्होल्टची निवड मात्र प्लग लावण्यापूर्वीच तपासावी. ती चूक नाचण्यावर भागत नाही.

एवढे होऊनही तक्रार उरली तरच झाकण काढावे, तेही प्लग उपसून आणि कपॅसिटर रिते होण्यास वेळ देऊन. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात, आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, म्हणून ट्रान्सफॉर्मरजवळचे आधी पाहावेत. रेंज बदलणाऱ्या रिले आणि बटणांच्या गंजलेल्या संपर्कांमुळे ओहमचे आकडे चंचल होतात. बटण पुष्कळदा दाबून-सोडून आकडा सुधारला तर गुन्हेगार तोच. ह्यूलेट-पॅकार्डच्या ३४७८ए सारख्या काही जुन्या मीटरांत अचूकतेचे अंक लिथियम बॅटरीच्या जिवावर स्मृतीत टिकतात. बॅटरी निघाली की ते कायमचे पुसले जातात, त्यामुळे बदलताना दुसऱ्या ३ व्होल्टचा आधार समांतर जोडून ठेवावा लागतो.

आतले छोटे ट्रिमर मात्र कोणीही फिरवू नयेत. खात्रीशीर प्रमाण हाताशी नसताना ते फिरविणे म्हणजे दोष न काढता पुरावा नष्ट करणे होय, आणि मग एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मीटर नेल्यावाचून इलाज राहत नाही. घरगुती कामाला इतके करावे लागत नाही. दुसरा विश्वासू मीटर आणि तोच सेल पुरतो. दोघांत तफावत आली तर तिसऱ्या मीटरची साक्ष काढावी, कारण दोघांपैकी चुकतो कोण हे त्या दोघांकडून कधीच कळत नाही.