बाळंतपणातील फिस्टुला : दुखणे दडवू नका, शस्त्रक्रियेने बरे होते

बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा सुटला आणि दिवसरात्र कपडे ओले राहू लागले, तर अनेक स्त्रिया तो बाईच्या जन्माचा भोग समजून गप्प बसतात. दुर्गंधीच्या भीतीने लग्नकार्य सुटते, एसटीचा प्रवास सुटतो. कित्येकींचा संसारही मोडतो. वास्तविक हा ‘फिस्टुला’ नावाचा विकार असून, बहुतेक रुग्णांमध्ये तो शस्त्रक्रियेने बरा होतो.

बाई दीर्घकाळ अडली आणि वेळेत सिझेरियन झाले नाही, तर बाळाचे डोके मूत्राशयाला ओटीपोटाच्या पुढील हाडावर दाबून धरते. तेथील रक्तपुरवठा थांबतो, पेशी मरतात आणि काही दिवसांतच मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडते. अशा प्रसूतीत बहुधा बाळही दगावते. सिझेरियन करताना वा गर्भपिशवी काढताना मूत्राशयाला इजा झाली, तरीही असे छिद्र पडू शकते.

येथे खरा प्रश्न अंतराचा व वेळेचा असतो. नांदेड जिल्ह्यातील किनवट, माहूर हे डोंगराळ तालुके जिल्ह्याच्या ठिकाणापासून १०० किलोमीटरहून अधिक दूर आहेत. ऊसतोडणीसाठी गेलेल्या स्त्रीला तर फडावरच्या कोपीत कळा सुरू होऊ शकतात. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, ती हेच अंतर कमी करण्यासाठी उपयोगी पडते.

छिद्र ताजे व लहान असल्यास काही आठवडे लघवीची नळी ठेवून ते भरून येऊ शकते. अन्यथा जखम निवळेपर्यंत साधारण ३ महिने थांबतात. मूत्राशयात निळे औषध सोडून छिद्राची खात्री केली जाते. शस्त्रक्रियेत मूत्राशय योनीमार्गापासून सुटे करून दोन्हींना स्वतंत्र टाके घालतात. साध्या फिस्टुलात त्यानंतर ७ ते १० दिवस नळी ठेवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. अशा रुग्णांपैकी १० मध्ये सुमारे ९ जणी बऱ्या होतात. मात्र पहिला प्रयत्न फसल्यास पुढील यशाची शक्यता घटते. म्हणून पहिलीच शस्त्रक्रिया अनुभवी हातून होणे महत्त्वाचे. पुढे सुमारे ३ महिने शरीरसंबंध टाळावा लागतो आणि नंतरचे बाळंतपण रुग्णालयात, सिझेरियननेच करावे लागते.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील स्त्रीरोग विभागात प्रथम तपासणी करून घेता येते. दुखणे जुने झाले म्हणून उपचाराची वेळ निघून गेली, असे समजण्याचे कारण नाही. अनेक वर्षांचा फिस्टुलाही मिटवता येतो. त्यासाठी घरातील कोणाजवळ तरी बोलणे, ही पहिली पायरी आहे.